मदत हवी आहे: बूलेझचे दोन 'राइट ऑफ स्प्रिंग', फरक नेमका कुठे ऐकायचा?

मंडळी, माझा कान ख्याल-ठुमरीवर तयार झालेला. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीकडे उशिरा वळलो, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

फ्रेंच वाद्यवृंद-संचालक पिएर बूलेझने अमेरिकेतल्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर स्ट्राविन्स्कीचं बॅले-संगीत 'राइट ऑफ स्प्रिंग' दोनदा ध्वनिमुद्रित केलं, 1969 आणि 1991 मध्ये. वाद्यवृंद तोच, संचालक तोच, मध्ये 22 वर्षं. दोन आठवडे आलटून पालटून ऐकतोय. 1969 चं मला जास्त धारदार वाटतं. 1991 मध्ये सगळं काचेसारखं स्वच्छ. मागची लाकडी सुषिर वाद्यंसुद्धा वेगळी ऐकू येतात, पण अंगावर काटा येत नाही.

दुसऱ्या भागात, बळीसाठी निवडलेल्या मुलीच्या गौरवनृत्याच्या तोंडाशी, लागोपाठ 11 ठोके येतात. तिथे मी दर वेळी हातावर मात्रा मोजतो (सवय जात नाही!). 69 मध्ये ते घाव वाटतात, 91 मध्ये नुसते मोजलेले ठोके. आता हे बूलेझचं वय, की मायक्रोफोन आणि सभागृहाची करामत? की आधी ऐकलेलं तेच कानात बसलंय?

जाणकारांनी सांगावं: लय, तोल, ध्वनिमुद्रण यांतला फरक वेगळा कसा काढायचा? शेवटच्या बलिनृत्यात मात्रा सतत बदलतात, तिथे तर मी पार हरवतो. स्वरलिपी समोर ठेवून ऐकायचं तर सुरुवात कुठल्या पानापासून करू? पाश्चात्य स्वरलिपी जेमतेम वाचता येते. हेडफोन साधेच आहेत, तेही दोषी असतील तर स्पष्ट सांगा.