तीन वाट्या, एक सुपारी : चूक मनाची की प्रश्नाची?

विश्रामबागकर, सांगली
तीन पालथ्या वाट्या, एकीखाली सुपारी. तुम्ही एकीवर बोट ठेवलंत. सुपारी कुठं आहे हे ठाऊक असलेला माणूस उरलेल्या दोनपैकी रिकामी वाटी उचलून विचारतो, "बदलणार?" बहुतेक जण म्हणतात, दोनच उरल्या, म्हणजे निम्मं-निम्मं. चूक. पहिल्या वाटीची शक्यता १/३ होती, ती तेवढीच राहते. बदललं तर २/३. १९९० साली स्तंभलेखिका मॅरिलिन व्हॉस सावंत यांनी अमेरिकेतल्या 'परेड' पुरवणीत तीन दारांच्या अशाच कोड्याला (एका दारामागं बक्षीस) हेच उत्तर दिलं, तेव्हा सुमारे १०,००० पत्रं आली. बहुतेकांनी त्यांनाच चूक ठरवलं, आणि जवळपास १,००० पत्रं पीएचडीवाल्यांची होती. म्हणून सांगतो, शक्यतेच्या हिशोबात मनाचा कौल घेऊच नये.

तासगावकर
अजिबात पटत नाही. 'ठाऊक असलेला' हे दोन शब्द काढा, उत्तरच बदलतं. घरी ६० डाव खेळा. सुपारी कुठं ठेवायची ते फाशावर ठरवा (१-२ डावी, ३-४ मधली, ५-६ उजवी), मनानं ठेवली तर एकाच वाटीकडं हात जातो. उचलणाऱ्याला जागा माहीत नसेल तर साधारण २० डावांत सुपारीच उघडी पडते, ते बाद. उरलेल्या ४० मध्ये २० वेळा मूळ वाटी, २० वेळा दुसरी. निम्मं-निम्मंच की! उचलणारा जाणकार असला की डाव बाद होत नाहीत, ते २० बदलणाऱ्याच्या पदरात पडतात आणि हिशोब ४० विरुद्ध २० होतो. मन बरोबर उत्तर देतं, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं.

विश्रामबागकर, सांगली
पण 'ठाऊक' हा शब्द कानावर पडूनही मन तो वापरत नाही, चूक म्हणतात ती हीच. आणि वाढदिवसाच्या कोड्यात कुठला शब्द लपलाय? २३ जणांत दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता ५०.७ टक्के. मन 'माझ्याशी कोण जुळतं' एवढंच बघतं, म्हणजे २२ जोड्या. खऱ्या जोड्या २५३.

मिरजकर
लपलंय ना, ३६५ दिवस सारखे हे गृहीतक! आपल्याकडं खेड्यापाड्यांत शाळेत नाव घालताना कितीतरी जणांना १ जून लावलाय. दहातल्या एकाची नोंद १ जून धरली तर २३ कशाला, १४ जणांतच शक्यता निम्म्याच्या वर जाते.
खरं नुकसान तपासणीच्या रिपोर्टवर होतं. शिबिरात १,००० जण, आजारी १०. तपासणी आजाऱ्यांतले ९० टक्के पकडते आणि निरोगींतल्या ९ टक्क्यांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे आजारी ९, निरोगी ८९. एकूण ९८ पॉझिटिव्ह, त्यांत खरे फक्त ९. घरचे मात्र '९० टक्के' ऐकून हादरतात.

तासगावकर
माझाच मुद्दा झाला. ओपीडीत लक्षणं घेऊन आलेल्या १,००० मध्ये ३०० आजारी असतील, तर तीच तपासणी २७० खरे आणि ६३ खोटे दाखवेल. पॉझिटिव्ह आलेल्यांत ८१ टक्के खरे. डॉक्टरांचं मन ओपीडीत घडलेलं, तिथं ते चुकत नाही. शिबिरात तोच अंदाज लावला की गडबड.

विश्रामबागकर, सांगली
आपण ओपीडीत आहोत की शिबिरात, हे मन आपणहून विचारत नाही ना! म्हणून शिबिराच्या रिपोर्टवर टक्के नकोत, '९८ पॉझिटिव्हपैकी ९ खरे' असं छापा.

मिरजकर
छापा, पण शेजारी 'लक्षणं नसलेल्यांसाठी' असंही लिहा. खोकून बेजार झालेल्या माणसानं तो आकडा वाचला तर दुसऱ्या तपासणीला यायचाच नाही.