फॉक्स टेरियरच्या पिल्लाचा एक कान उभा राहतोय, चिकटवावा का?

टिळकवाडीकर: वायर फॉक्स टेरियर, नर, साडेचार महिन्यांचा. डावा कान नीट दुमडून पुढे पडतो, उजवा आठवडाभर सरळ वर. डॉग शोला न्यायचं नक्की नाही. चिकटवायचा तर कशानं, किती दिवस? इथल्या पावसात चालतं का?

खानापूर_टेरियर: आधी तोंड उघडून बघा. या वयात दुधाचे दात पडून पक्के यायला लागतात आणि तेव्हाच कान वाटेल तसे उडतात. आज एक वर, उद्या दोन्ही, परवा एक मागे वळलेला. वयाच्या ६-७ महिन्यांपर्यंत दात पुरे होतात, तोवर पुष्कळदा कान आपणहून बसतो. घरीच ठेवणार असाल तर काहीच करू नका. उभ्या कानानं कुत्र्याचं काही अडत नाही.

शो करायचा असेल तर मात्र दात संपेपर्यंत थांबू नका, तोवर कूर्चा (कानातलं लवचिक हाड) घट्ट होते. या जातीत कान लहान, व्ही आकाराचा, घडी कवटीच्या रेषेच्या वर आणि टोक गालालगत पुढे लागतं. उभा कान मोठा दोष धरतात.

शहापूर_ग्रूमर: चिकटवायचंच ठरलं तर पद्धत सांगतो. सर्जिकल दुकानात ऑपरेशननंतर पोटावर लावतात ती (ऑस्टोमी) पिशवी चिकटवायचा, त्वचेला चालणारा डिंक मिळतो, तो घ्या. फेविक्विक अजिबात नको, कातडी भाजते आणि काढताना सोलून निघते. टोकाच्या आतले आणि ते जिथे टेकणार तिथले केस बारीक कापा. कापसानं पुसून पूर्ण वाळू द्या. दोन्हीकडे पातळ थर लावा, जरा चिकट झाला की टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेनं टेकवा आणि २-३ मिनिटं बोटानं धरा. घडी किती उंच येते ते समोरून बघत बसवा. खाली ओढून बसवलात तर कान शिकारी हाउंडसारखा लोंबेल, मग तो दोष वेगळाच.

दोन्ही कान बसवा. एकच बसवला तर जोडी जुळत नाही. कानाचं भोक झाकायचं नाही, बाजूनं वारा जायला पाहिजे.

साधारण आठवड्यात आपोआप सुटतं. मग २-३ दिवस मोकळं सोडून बघा. परत वर गेला तर परत. मधेच काढायचं झालं तर खोबरेल तेल चोळून १५ मिनिटं थांबा, ओढू नका.

खानापूर_टेरियर: पावसाबद्दल: आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. बंद, ओल्या कानात बुरशी झटकन धरते. रोज वास घ्या. आंबूस वास, लाली, डोकं झटकणं, पंजानं खाजवणं, यातलं काहीही दिसलं की तेलानं सोडवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुसरं कुत्रं घरात असेल तर ते डिंक चाटून काढतं, वेगळं ठेवा.

निपाणीकर: कान बसावा म्हणून कॅल्शियमची पावडर देऊ नका, हा सल्ला इकडं फार फिरतो. चांगलं पिल्लाचं खाणं चालू असेल तर वरचं कॅल्शियम हाडांनाच बाधतं. कान छाटायचं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

एक राहिलं. चिकटवून बसवलेला कान पुढच्या पिढीत येत नाही. हा नर पुढे जोडीला द्यायचा असेल तर समोरच्याला हे आधी सांगा. तसे आपल्याकडं मुधोळ हाउंड (आपल्याकडची शिकारी कुत्र्यांची जात) बघत वाढलेल्यांना एवढ्या कानाचं कौतुक कशाला असंच वाटणार!

टिळकवाडीकर: वरचे सुळे अजून दुधाचेच आहेत. शो नकोच म्हणतोय आता, कानाला हात लावत नाही.

शहापूर_ग्रूमर: मग दिवसातून २-४ वेळा घडीवर बोटानं हलकं चोळत राहा. खात्री नाही, पण त्रासही नाही. त्या निमित्तानं कान हाताळायची सवय लागते, केस उपटताना (या जातीचे ताठ, मेलेले केस हातानं उपटून काढतात) पुढे उपयोगी पडेल.