वजन घटवण्यासाठी प्रोबायोटिक घ्यावे का?

प्रश्न:
माझे वय ४२ असून बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २९ आहे. आतड्यातील चांगले जीवाणू वाढवून वजन उतरवण्याचा दावा करणाऱ्या प्रोबायोटिक (जिवंत उपयुक्त जीवाणूंच्या) कॅप्सूल औषधाच्या दुकानात मिळतात. घरी विरजणाचे दही रोज असतेच. या जीवाणूंचा लठ्ठपणाशी खरोखर संबंध आहे का, आणि असल्यास कॅप्सूल घेऊन काही साधते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
संबंध आहे, पण त्याचे भक्कम पुरावे प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांतले आहेत. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने २०१३ मध्ये, एक बहीण लठ्ठ आणि दुसरी सडपातळ अशा जुळ्या बहिणींच्या विष्ठेतील जीवाणू जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडले, तेव्हा लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर अधिक चरबी चढली. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. त्यामुळे दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवल्यावर सडपातळ बहिणीचे जीवाणू दुसऱ्या उंदरांतही रुजले आणि त्यांची चरबी वाढणे थांबले. मात्र हे घडले ते खाण्यात संपृक्त चरबी (तूप-लोण्यात असते तशी) कमी आणि फळे-भाज्या भरपूर असतानाच. आहार उलटा केल्यावर ते जीवाणू रुजलेच नाहीत. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच आहे, आणि नेमका तोच जाहिरातींत सांगितला जात नाही.

प्रतिसाद २ (आहारतज्ज्ञ):
वरील मताशी सहमत आहे. माणसांवरील चाचण्यांत दिसलेला परिणाम लहान आहे. जपानमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस गॅसेरी या जीवाणूच्या एका विशिष्ट वाणाने (उपप्रकाराने) १२ आठवड्यांत वजन सरासरी १.४ टक्के उतरले, म्हणजे ८० किलोच्या व्यक्तीचे जेमतेम एक किलो. शिवाय एका वाणाचा गुण दुसऱ्या वाणाला लागू होत नाही, म्हणून वेष्टनावर वाणाचा क्रमांक नसेल तर त्या दाव्याला आधार उरत नाही.

दही जरूर खावे. त्यात जिवंत जीवाणू असतात, पण कोणते आणि किती हे घरोघरी बदलते, आणि कढी उकळली की ते मरतात. त्याहून अधिक लक्ष तंतुमय पदार्थांकडे द्यावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, गवार यांतील न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोहोचतो, तेथील जीवाणू तो आंबवून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात आणि त्यांमुळे तृप्तीची जाणीव देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरके स्रवण्यास मदत होते. उसळींचे प्रमाण हळूहळू वाढवावे, नाहीतर पोटात वायू धरतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. बाजारात मिळणारी गोड प्रोबायोटिक पेये चालतील का?

प्रतिसाद २:
वेष्टनावरील साखरेचा आकडा आधी पाहावा. वजन उतरवायचे असताना रोज ती साखर पोटात घालण्यापेक्षा ताक बरे. कर्करोगावरील उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींनी मात्र कोणतेही प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.