अँबॅसॅडरला इसुझू इंजिन बसवताना मागचे पाटे केव्हा आवळावेत?

खानापूरकर

नमस्कार. माझ्याकडे 1489 सीसी पेट्रोल इंजिनाची, केए-22 पासिंगची जुनी अँबॅसॅडर आहे. मूळ इंजिन आता पुन्हा बोअर करण्याच्या पलीकडे गेले आहे. त्यामुळे हिंदुस्थान मोटर्सच्याच इसुझू मॉडेलमधील 1817 सीसी इंजिन आणि त्याचा पाच गियरचा गियरबॉक्स कोल्हापूरकडून आणला आहे. इंजिन बाहेर असतानाच मागचे काम उरकावे म्हणून एक्सल खाली उतरवून पाटे (एकावर एक पोलादी पाने रचलेली स्प्रिंग), शॅकल (पाट्याचे मागचे टोक बॉडीला जोडणारी हलती कडी), बुश (जोडांमधील रबरी नळ्या), यू-बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) आणि शॉकअप सगळे नवे घेतले. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर गाडीचे नेहमी जाणे-येणे असल्यामुळे पावसाळ्यात तांबडी माती शॅकलमध्ये घट्ट बसते, आणि डावीकडचा पाटा तर पूर्ण बसलाच होता.

अडचण कामाच्या क्रमाची आहे. गाडी सध्या बॉडीखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावून उचललेली आहे. मिस्त्रींचे म्हणणे असे की ती याच अवस्थेत असताना पाटे चढवून सगळे बोल्ट पक्के आवळावेत, प्रोपेलर शाफ्टचे (गियरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) माप घेऊन तो कापायला द्यावा आणि इंजिन शेवटी बसवावे, म्हणजे पुन्हा गाडीखाली जावे लागणार नाही. ते अनुभवी आहेत आणि त्यांच्या शब्दाला मी मान देतो, तरीही हा क्रम मनाला पटत नाही. बोल्ट केव्हा आवळावेत, शाफ्टचे माप केव्हा घ्यावे, आणि इंजिनाची ताकद वाढल्यामुळे पाट्यात एखादे पान वाढवावे का, याबाबत जाणकारांनी कारणांसह सांगावे ही विनंती.

उद्यमबागचे गॅरेज

पाटे आधी चढवावेत हे मिस्त्रींचे म्हणणे योग्य आहे, परंतु ते आताच पक्के आवळावेत हे योग्य नाही. कारण बुशच्या रचनेत आहे. पाट्याच्या पुढच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) नळीचा बुश असेल, तर त्याचे रबर आतल्या लोखंडी नळीला धरून असते. बोल्ट पक्का आवळला की ती नळी हँगरच्या (पाट्याचे पुढचे टोक धरणाऱ्या, बॉडीवरील ब्रॅकेटच्या) दोन पाखांमध्ये जखडली जाते, आणि त्यानंतर पाटा वरखाली होताना जे काही फिरणे होते ते केवळ रबराच्या पिळावर होते. एक्सल हवेत लटकत असताना पाट्याची कमान पूर्ण उघडलेली असते. त्या अवस्थेत बोल्ट आवळून नंतर गाडी चाकांवर उतरवली, तर उभ्या गाडीतही रबर कायम पिळलेले राहते. मग मागची बाजू प्रमाणापेक्षा उंच दिसते, खड्ड्यात कुरकुर ऐकू येते, काही महिन्यांत बुश फाटतो आणि दोष मात्र नव्या पाट्याला दिला जातो.

म्हणून पुढचा बोल्ट आणि शॅकलचे बोल्ट आता फक्त हाताने नट चढवून, वॉशरला टेकेपर्यंतच ठेवावेत. इंजिन, गियरबॉक्स, बॅटरी, सीट असे सगळे वजन गाडीत आल्यावर आणि टाकीत निम्मे तरी पेट्रोल असताना गाडी चाकांवर गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घ्यावी, मागचा बंपर दोन्ही हातांनी दाबून काही वेळा हलवावी, म्हणजे पाटा आपल्या जागी बसतो. मग खाली उतरून बोल्ट पक्के करावेत. आपल्याकडे खड्डा नसेल तर घोड्या बॉडीखालून काढून एक्सलच्या नळीखाली लावाव्यात. महत्त्व वजन पाट्यावर येण्याला आहे.

यू-बोल्टची गोष्ट वेगळी आहे. पाटा एक्सलच्या बैठकीवर ठेवताना सेंटर बोल्टचे (पाट्याची पाने मधोमध जोडणाऱ्या बोल्टचे) डोके बैठकीच्या भोकात पूर्ण उतरले आहे हे बोटाने चाचपून पाहावे. ते काठावर अडकले असतानाच यू-बोल्ट ओढले तर एक्सल तिरका राहतो आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. दोन्ही बाजूंना पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून एक्सलपर्यंत टेप लावावा. माप सारखे आले पाहिजे. यू-बोल्टचे चारही नट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळावेत, आणि सुमारे 500 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत, कारण नव्या पाट्याची पाने एकमेकांवर बसताना यू-बोल्ट ढिले पडतात. आपण नवे यू-बोल्ट घेतलेत हे उत्तम केले. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. अँबॅसॅडरला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी आणि चासी एकसंध आहे. चाके गाडीला पुढे ढकलतात तो सगळा जोर पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून थेट हँगरच्या पत्र्यात जातो. नवे इंजिन तो जोर वाढवणार आहे. आपल्याकडच्या पावसात आणि तांबड्या मातीत नेमका हाच पत्रा आतून सडतो. पाटा चढवण्यापूर्वी हँगरभोवतीची माती तारेच्या ब्रशने पूर्ण काढावी आणि छोट्या हातोडीने बोटबोट अंतरावर ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज आला किंवा रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटू लागले, तर तेवढा भाग कापून त्याच जाडीच्या पत्र्याने वेल्डिंग करून घ्यावा. वरून पट्टी मारून झाकू नये. हे काम एक्सल खाली असतानाच नीट होते.

शॅकलमधील रबरी बुश चढत नसतील तर साबणाचे पाणी लावावे. ग्रीसने रबर फुगते.

निपाणीचा वाहनप्रेमी

उद्यमबागच्या मित्रांनी बुशबद्दल लिहिले तेच प्रोपेलर शाफ्टलाही लागू आहे. इंजिन बाहेर असताना गाडीचे नाक वर उचललेले असते, त्यामुळे गियरबॉक्स जिथे येणार त्या जागेचा उतारही खोटा असतो. शिवाय कमानदार पाटा वजनाखाली सपाट होताना लांबतो. त्याचे पुढचे टोक हँगरला पक्के असल्यामुळे एक्सल थोडा मागे सरकतो आणि शॅकल ती वाढ सामावून घेतो. म्हणजे लटकत्या एक्सलवर घेतलेले माप चाकांवर उभ्या गाडीला जुळणार नाही. इंजिन आणि गियरबॉक्स आपापल्या माउंटिंगवर बसवून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून मगच माप घ्यावे, आणि गियरबॉक्सकडे सरकणारा योक (शाफ्टच्या टोकाचा चिमटा) पूर्ण आत टेकण्यापूर्वी 20 ते 25 मिलीमीटर जागा शिल्लक राहील असा शाफ्ट करून घ्यावा. जोडताना दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असावेत, आणि कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्सिंग केल्याशिवाय बसवू नये. ट्रकचे शाफ्ट करणाऱ्यांकडे हे काम होते.

पानाबद्दल माझे मत असे की एक पान वाढवावे. माझ्या गाडीला ते वाढवले आहे, आणि शेतातून पोती घालून आणताना मागची बाजू बसत नाही.

शहापूर, बेळगाव

शाफ्टबद्दलच्या मताशी पूर्ण सहमत आहे, परंतु पानाबद्दल आदरपूर्वक वेगळे मत मांडतो. निपाणीच्या मित्रांची गरज ओझ्याची आहे. खानापूरकरांचा प्रश्न ताकदीचा आहे, आणि या दोन गोष्टी निराळ्या आहेत. इंजिन पुढे बसते, त्याच्या वजनातला फरक मागच्या पाट्यावर फारसा येत नाही. मागे पान वाढवले तर रिकामी गाडी मागून उंच आणि कडक होईल, खडबडीत रस्त्यावर चाक उसळेल, आणि डिफरन्शियलच्या (मागच्या एक्सलच्या मधल्या गियरपेटीच्या) नाकाचा, म्हणजे शाफ्ट जोडला जातो त्या टोकाचा, कोनही बदलेल.

ताकद वाढल्याने पाट्यावर जो खरा परिणाम होतो तो वाकण्याचा नसून पिळण्याचा आहे. गियर टाकून जोरात क्लच सोडला की एक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते आणि पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळतो. क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन त्या क्षणी बिघडतो आणि खालून थरथर जाणवते. यावर उपाय पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातील, पाने एकत्र धरणारे क्लॅम्प घट्ट आणि शाबूत ठेवणे हा आहे. तो अर्धा भाग एकजीव राहिला की पीळ बराच कमी होतो.

कोन मोजणे कठीण नाही. मोबाईलमधील पातळी दाखवणारे साधन किंवा सुताराकडचे कोनमापक पुरते. गियरबॉक्सच्या मागच्या टोकाचा उतार आणि डिफरन्शियलच्या नाकाचा उतार जवळजवळ समांतर असावेत, आणि शाफ्टशी दोन्हींचा कोन 1 ते 3 अंशांच्या आसपास असावा. कोन शून्यही नको, कारण मग क्रॉसमधील सुया एकाच जागी घासत राहतात. पाट्यांच्या गाडीत नाक समांतरापेक्षा एखादा अंश खाली ठेवतात, म्हणजे जोर लागून ते उचलले की दोन्ही कोन जुळतात. फरक जास्त आला तर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालता येते, मात्र पाचरीच्या जाडीएवढा जास्त लांब सेंटर बोल्ट घ्यावा लागेल. म्हणूनच यू-बोल्टचे शेवटचे आवळणे कोन तपासल्यानंतर करावे.

आणखी एक: एक्सल पूर्ण खाली लटकवून ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, हे शॉकअप लावण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा पाहावे. एक्सल कधीही त्या पाइपवर लोंबू देऊ नये.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. हे उत्तर मिस्त्रींना वाचून दाखवले. आवळण्याचे कारण त्यांना लगेच पटले आणि उजव्या हँगरजवळ ठोकताना भद्द आवाज आल्यामुळे तेवढा पत्रा कापायचे ठरले आहे. क्रम आता असा ठेवतो: हँगर, मग पाटे हातआवळ, इंजिन-गियरबॉक्स, चाकांवर उभी करून कोन आणि माप, शेवटी पक्के आवळणे. पान वाढवत नाही. कागदपत्रांचे काय करावे, एवढेच विचारायचे राहिले.

चिकोडी

त्याबद्दल मी सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार इंजिन बदलण्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. इंजिन त्याच कंपनीचे असले तरी आपल्या मॉडेलवर त्याची नोंद होईल हे गृहीत धरू नये. शाफ्ट कापण्यापूर्वी बेळगाव आरटीओकडे लेखी अर्ज करून उत्तर घ्यावे. इंजिन महाराष्ट्रातून आले असल्याने खरेदीची पावती, त्यावर इंजिन नंबर, आणि ज्या गाडीतून ते काढले तिची नोंदणी कलम 55 प्रमाणे रद्द झाल्याचा कागद जवळ असावा. इंजिन बाहेर आहे तोवरच त्यावरील नंबर घासून स्वच्छ करून पेन्सिलने कागदावर ठसा घेऊन ठेवा. बसवल्यानंतर ती जागा फार अडचणीची होते.