आरव्ही-७: बाजूचे पॅनेल आणि गालिचा कशाने बसवावा?

चुराच_चुरा: अमेरिकेत आरव्ही-७ (किटमधून घरी बांधायचं दोन सीटचं विमान) बांधतोय, वायरिंग आणि नळ्या झाल्या. आता कॉकपिटमधले बाजूचे पॅनेल (०.०२५ इंची अॅल्युमिनियम, वर पातळ फोम आणि व्हिनाइल). पॉप रिव्हेटने कायमचे ठोकावेत का? शिवाय फर्म्याप्रमाणे नेमका कापलेला पत्रा व्हिनाइल चढवल्यावर जागेवर बसेना.

रिव्हेटवाला: पॉप रिव्हेट अजिबात नको. दर १२ महिन्यांनी होणाऱ्या कंडिशन इन्स्पेक्शनला (विमानाची सक्तीची तपासणी) हे सगळं उघडावंच लागणार. ८ नंबरचे स्क्रू आणि के१०००-०८ नटप्लेट (मागे कायमचा बसवलेला, दोन कानांचा नट) घ्या. नटप्लेट रिबवर (सांगाड्याच्या फासळीवर) किंवा छोट्या अँगलवर बसवायची, बाहेरच्या पत्र्यावर नव्हे.

व्हिनाइल चढवण्याआधी कोरं पॅनेल जागेवर धरून ४० नंबरच्या ड्रिलने पॅनेल आणि रिब एकदमच भोका आणि क्लेको (पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) लावा. ड्रिलला स्टॉप हवाच, नाहीतर बिट बाहेरच्या पत्र्यातून आरपार जाईल. सगळं जुळलं की भोकं १९ नंबरला वाढवा (नंबर लहान तितकं भोक मोठं). मग नटप्लेट त्याच भोकात स्क्रूने घट्ट धरा आणि तिच्या कानांतून ४० नंबरने भोका. वेगळं मोजमाप लागत नाही. भोकांच्या कडेची धारदार कुसं (बर) काढा, कानांची भोकं डिंपल करा (रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून कड खोलगट दाबा), ३/३२ इंची एएन४२६एडी३ रिव्हेट मारा. रिव्हेटच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान ३/१६ इंच सोडा.

पॅनेल बसत नाही कारण व्हिनाइल कडेवरून मागे वळतं. ते १ मिमी जाड असेल तर पॅनेल एकूण २ मिमीने वाढतं. म्हणून पत्रा प्रत्येक बाजूला २ मिमी लहान कापा (१ मिमी व्हिनाइलसाठी, १ मिमी मोकळीक) आणि फोम कडेच्या ३ मिमी आधीच संपवा. आतल्या कोपऱ्यात व्हिनाइलला चीर देताना पत्र्याच्या २ मिमी अलीकडे थांबा, नाहीतर ती पुढे फाटत येते.

व्हिनाइल चढवल्यावर मात्र ड्रिल लावू नका, अस्तराचे धागे बिटला गुंडाळून सगळं ओढून काढतात. मागून भोकाची खूण घ्या आणि चामड्याला वापरतात तो पोकळ पंच मारा.

शेपटी_जड: गालिचा चिकटवू नका, वेल्क्रो पुरे. पुढची कड रडर पेडलखाली (शेपटीचं सुकाणू फिरवणारी पायपट्टी) सरकता कामा नये. खाली स्पंजसारखा फोम घातला तर तो पाणी धरून ठेवतो आणि अॅल्युमिनियम गंजतं. बंद पेशींचा फोम घ्या. घरी बांधलेल्या विमानाला आगीच्या चाचणीची सक्ती नाही, तरी कापडाचा तुकडा मोकळ्यावर उभा धरून १२ सेकंद जाळून बघा. ज्योत काढल्यावरही तो जळतच राहिला तर बाद.

चुराच_चुरा: गाद्या आधी की पॅनेल आधी?

रिव्हेटवाला: पॅनेल. मग गाद्या टाका, दोन्ही सीटवर धिप्पाड माणसं बसवा आणि स्टिक (विमान वळवायचा दांडा) पूर्ण मागे ओढून डावीकडे-उजवीकडे फिरवा. मांडीला किंवा पॅनेलच्या कडेला अडली तर गादीच कापायची, स्टिकचा प्रवास कमी करायचा नाही. वजनासाठी विमान पुन्हा काट्यावर चढवायचं ते यानंतर. कंपासजवळ स्क्रू पितळेचेच. एक लोखंडी स्क्रूही सुई ओढतो.