फुगवट्यातील जुने गाव: पुन्हा बांधावे की आहे तसे राखावे?

प्रश्न – तापीकाठ

नमस्कार. आमचे जुने गाव हतनूर धरणाच्या फुगवट्यात गेले आणि गावकरी वरच्या पुनर्वसन वसाहतीत राहायला आले. गावठाणाचे पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या साचलेल्या पांढऱ्या मातीचे, टेकाड मात्र पूर्ण बुडत नाही. धरण भरले की त्याचे बेट होते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की तेथे चालत जाता येते. काही दगडी जोती, एका वाड्याची कमान, मारुतीचा पार आणि धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती अजून शिल्लक आहेत. गावातील तरुणांनी वर्गणी काढून वाडा आणि चार-दोन घरे सिमेंटमध्ये पुन्हा बांधण्याचे मनावर घेतले आहे. त्यांची तळमळ खरी आहे, पण मला धास्ती वाटते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा येथील ओसाड गाव फार काळजीपूर्वक राखले आहे असे वाचनात आले. तेथे प्रत्यक्ष काय करतात आणि त्यातले आपल्याकडे काय लागू पडेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – जोते आणि चुना

आपली धास्ती योग्य आहे. सेंट किल्डातील हिर्टा बेटावर उरलेल्या ३६ रहिवाशांनी स्वतः सरकारकडे विनंती करून २९ ऑगस्ट १९३० रोजी गाव सोडले. १९५७ पासून ही बेटे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आहेत आणि पुढच्याच वर्षापासून स्वयंसेवकांच्या तुकड्या उन्हाळ्यात तेथे कामाला जाऊ लागल्या. तेथील मुख्य रस्त्यावर १८६० च्या दशकात बांधलेली १६ घरे आहेत. त्यांपैकी मोजक्याच घरांवर पुन्हा छप्पर घातले आहे. बाकीची घरे बिनछपराची, पण पडू न देता राखली आहेत. गाव पूर्वीसारखे दिसावे हा हेतूच तेथे नाही. ज्या अवस्थेत ते आपल्या हाती आले, ती अवस्था टिकावी एवढाच हेतू आहे.

याखेरीज तेथे ‘क्लिट’ नावाची हजाराहून अधिक कोठारे आहेत. दगडावर दगड रचून, मधून वारा खेळेल अशा बेताने बांधलेली आणि वर गवताळ मातीचे थर घातलेली ही कोठारे समुद्रपक्ष्यांचे मांस, अंडी आणि जळणासाठी कापलेली गवताळ माती सुकी ठेवण्यासाठी होती. तेथील सोए जातीच्या मेंढ्या त्यांच्या आडोशाला बसतात, भिंतींवर चढतात आणि दगड निखळतात. म्हणून भिंती पुन्हा पुन्हा पाहणे, छायाचित्रे जुन्या छायाचित्रांशी ताडणे आणि निखळलेला दगड मूळ जागी बसवणे हे न संपणारे काम आहे. दगडाची जागा पुराव्याने ठरत नसेल, तर अंदाजाने भर घालू नये.

आपल्यासाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तेथील माती. हिर्टावरील लोक शेतात राख आणि पक्ष्यांचे अवशेष खत म्हणून टाकत आणि त्यामुळे त्या मातीत शिसे आणि जस्त साचल्याचे परीक्षणात आढळले. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे भिंतींइतकेच जमिनीत नोंदलेले असते. आपल्या पांढरीचेही तेच आहे. तापीच्या खोऱ्यात प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले ते अशाच टेकाडात. खत म्हणून गाडीगाडीने पांढरी वाहून नेल्यामुळे दख्खनमधील कित्येक टेकाडे खचली आहेत. नव्या पायासाठी खणाल, तर तेच नुकसान आपल्या हातून होईल.

दगड आणि माती यांच्यातला फरक मात्र विसरू नये. हिर्टावरील भिंती दगडी आहेत. आपल्या धाब्याच्या भिंती पाण्याची पातळी दरवर्षी खाली-वर झाल्याने भिजतात, वाळतात, त्यांना लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून माती झडते, आणि लाटा पायथा कोरतात. सतत पाण्याखाली राहण्यापेक्षा हे अधिक घातक असते. त्यावर सिमेंटचा गिलावा दिला, तर ओल आत कोंडते आणि गिलावा मातीचा थर घेऊनच सुटतो. या भिंती फार काळ टिकणार नाहीत, असे धरून चालावे आणि त्या उभ्या आहेत तोवर त्यांची नोंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर – सातपुड्याची सावली

वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, पण जे जागेवर टिकणार नाही ते हलवण्याचा मार्गही सन्माननीय आहे. नागार्जुनसागर धरणामुळे नागार्जुनकोंडा बुडणार हे कळल्यावर तेथे मोठे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू वर टेकडीवर पुन्हा उभारल्या गेल्या. ती टेकडी आज जलाशयातले बेट आहे. वाड्याची कमान पाण्याच्या पट्ट्यात येत असेल, तर प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन, मोजमापे घेऊन ती नव्या गावठाणात चुन्यात उभारता येईल. जमीन पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असल्यास त्यांची लेखी परवानगी लागेल. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयालाही आधी कळवावे. खणताना नाण्यांचा हंडा वगैरे सापडल्यास, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

तापीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. कमान भरल्या पाण्यात अर्धी बुडते, त्यामुळे तिच्याबाबत हाच मार्ग गावापुढे ठेवतो. घरे बांधण्याचा बेत थांबवण्याविषयी तरुणांशी बोलेन. पण त्यांच्या हाताला दुसरे काम द्यावे लागेल.

उत्तर – आजोळ एदलाबाद

भाऊ, काम भरपूर आहे आणि ते या उन्हाळ्यातच व्हायला हवे. गावठाणाचा जुना नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो का ते पाहा. तो हाती धरून, वयस्कर माणसांना टेकाडावर नेऊन, कोणते जोते कोणाचे हे एकेक करून विचारून घ्या. पाय चालत नसलेल्यांना घरी छायाचित्रे दाखवा. आजीबाईंना वेगळे विचारा, कारण चूल कोणत्या भिंतीला होती, खारी माती कोठून आणून धाब्यावर घालत, पाणी कोणत्या वाटेने भरत, हे पुरुषांना सहसा सांगता येत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांची जोती आधी मोजा. ती घरे हलक्या बांधणीची होती, सहसा उतारावर असत आणि पाण्याने प्रथम तीच जातात. छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, उत्तर दिशा दाखवा आणि मागे तारीख लिहा. खापरे, बांगड्यांचे तुकडे दिसले तर उचलू नका. जागेवरच छायाचित्र घेऊन नकाशात खूण करा. तयार नोंदींची एक प्रत गावात, एक धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि एक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ठेवता येईल का, याची चौकशी आतापासूनच करावी.