शेतात वापरायला टचस्क्रीन फोन: जाड कातडीची बोटं, ऊन आणि ओले हात. कोणता घ्यावा? (तासगाव, बजेट २० ते २५ हजार)

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. आबांसाठी (वडील, वय ६४) फोन घ्यायचा आहे. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि आबा सकाळपासून बागेतच असतात. सध्याच्या फोनवर त्यांची बोटं लागत नाहीत. आयुष्यभर छाटणीची कात्री धरून आणि औषधं कालवून बोटांची कातडी जाड झालीय, चार वेळा दाबावं तेव्हा एकदा उघडतं. अंगठ्याचा ठसा तर फोन घेतच नाही. खरड छाटणीच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या उन्हात, स्क्रीनवर काही दिसत नाही. मग ते फोन टोपीत धरून वाचतात. फवारणीला हात ओले असले की स्क्रीन आपोआप कुठंही जाते, एकदा भलत्यालाच कॉल लागला.

वापर असा: कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, हवामान, युट्यूब, ई-पीक पाहणी, फोनपे, आणि पानावर काही दिसलं की फोटो काढून गटावर टाकणं. गेम वगैरे काही नाही. सगळे सांगतात १०८ मेगापिक्सल घे, १२० हर्ट्झ घे. आबांच्या कामाचं त्यात नेमकं काय, ते मला समजून घ्यायचंय.

कृष्णाकाठ
२० हजारांत आता सगळे सारखेच. बॅटरी ५००० च्या वर बघा, सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे का बघा, घेऊन टाका.

अजिंक्यतारा
सारखे नाहीत हो. आबांची अडचण बॅटरीची नाहीये, काचेची आहे. थोडं सविस्तर लिहितो.

२००८ ते २०१० च्या सुमाराचे नोकिया ५८०० किंवा ५२३३ आठवतात का? ते नखानं, काडीनं, कशानंही चालायचे, कारण त्यांची स्क्रीन दाब ओळखायची. २००७ च्या आयफोननंतर जी पद्धत सगळीकडे रुळली तिला कपॅसिटिव्ह म्हणतात. त्यात काचेखाली अगदी बारीक, पारदर्शक तारांची जाळी असते आणि तिच्याभोवती विद्युत क्षेत्र असतं. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, म्हणून बोट जवळ आलं की त्या क्षेत्रात बदल होतो, आणि फोन तो बदल मोजतो. दाबाशी काही संबंध नाही. त्यामुळे बोट लागत नाही म्हणून आबा जितकं जोरात दाबतील तितकं व्यर्थ. कोरड्या, जाड कातडीतून सिग्नलच क्षीण जातो. बोटाचं टोक टेकवण्याऐवजी पेराचा सपाट, मांसल भाग टेकवला तर फरक पडतो, कारण स्पर्शाचं क्षेत्रफळ वाढतं. हे त्यांना आजच्या फोनवरही करून बघायला सांगा.

आता दुसरी गोष्ट. त्या फोनवर जाड टफन ग्लास लावलीय का? बोट आणि जाळी यांच्यात जितकं अंतर वाढेल तितका सिग्नल कमी होतो. स्वस्तातली, कडेला हवा राहिलेली ग्लास असेल तर आधी ती काढून बघा. बऱ्याच सॅमसंग फोनमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले, आणि त्यात टच सेन्सिटिव्हिटी असं बटण असतं. ग्लास लावलेल्या फोनसाठीच ते दिलंय, पण जाड बोटांनाही उपयोगी पडतं. इतर कंपन्यांत हेच ग्लोव्ह मोड या नावानं सापडतं. हातमोजे घालून चालणारी स्क्रीन नोकियानं २०१२ च्या ल्युमिया ९२० मध्येच दिली होती. म्हणजे तंत्र जुनं आहे, फक्त जाहिरातीत कुणी सांगत नाही. फोन घेताना हे सेटिंग आहे का ते दुकानातच उघडून बघा. माझ्या मते तुमच्यासाठी हा पहिला निकष.

ओल्या हातांचं कारणही हेच. पाण्याचा थेंबसुद्धा विद्युत क्षेत्र बदलतो, फोनला वाटतं बोट आलं. औषधाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा जास्त गोंधळ घालतं. थेंब आणि बोट वेगळं ओळखणारं सॉफ्टवेअर आता काही फोनमध्ये येतं. वनप्लस त्याला अ‍ॅक्वा टच म्हणतं, रिअलमी रेनवॉटर स्मार्ट टच. पावसाच्या शिंतोड्यांवर ते कामाचं आहे. हात निथळत असतील तर आधी पुसायला हवेतच.

द्राक्षवेल
ग्लास आहेच, आणि कडेनं सुटलेली पण आहे. आज काढून बघतो. ठशाचं काय करायचं दादा? आबांचा ठसा आधारच्या यंत्रावरसुद्धा उमटत नाही.

अजिंक्यतारा
फोनमध्ये ठसा घेण्याचे तीन प्रकार आहेत. कडेच्या बटणातला, स्क्रीनखालचा ऑप्टिकल, म्हणजे उजेड पाडून बोटाचा फोटो घेणारा, आणि महागड्या फोनमधला अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी ठसा घेणारा. तिघांनाही बोटावरच्या रेघा लागतात. रेघा झिजल्या असतील तर कुठलाही चुकेल. माझा कौल कडेच्या बटणाला, कारण बोट कुठं ठेवायचं ते न बघता कळतं आणि भर उन्हात चाचपडावं लागत नाही. अंगठा आणि तर्जनी सोडा. ज्या हातात कात्री नसते त्या हाताची अनामिका किंवा करंगळी नोंदवा, तिच्या रेघा जास्त शाबूत असतात. तेच बोट दोनदा नोंदवलं तरी चालतं. आणि पिन पाठ असू द्या.

चेहऱ्यानं उघडणं सोयीचं आहे, पण या किमतीत ते नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालतं, म्हणून बँकेची बहुतेक ॲप ते मानत नाहीत. पीएम किसानची ई-केवायसी मात्र २०२३ पासून त्यांच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून होते. त्यासाठी पुढचा कॅमेरा स्वच्छ असला की पुरे, ठशाची गरज नाही.

मिरज_फोन_दुरुस्ती
दुकान माझं आहे म्हणून उन्हाचं आणि काचेचं मी सांगतो.

जाहिरातीत ३०००, ४५०० निट्स (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) लिहितात ना, तो आकडा स्क्रीनच्या छोट्याशा तुकड्यावर, खास व्हिडिओत, क्षणभर मिळणारा असतो. उन्हात पूर्ण स्क्रीन किती उजळते तो आकडा वेगळा, त्याला एचबीएम म्हणतात, हाय ब्राइटनेस मोड. ८०० च्या खाली नको, १००० असेल तर बागेत काम भागतं. बहुतेक फोनमध्ये तो ऑटो ब्राइटनेस चालू असतानाच लागतो. पुष्कळ लोक बॅटरी वाचवायला ऑटो बंद करून ठेवतात आणि मग उन्हात दिसत नाही म्हणून फोन घेऊन येतात. आणि शेतात डार्क मोड बंद ठेवा. काळ्या स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं, पांढऱ्यावर काळी अक्षरं उठून दिसतात. फोन तापला तर तो स्वतःच उजेड कमी करतो, म्हणून बांधावर उन्हात टाकून ठेवू नका.

स्क्रीनचे दोन प्रकार, ओएलईडी आणि एलसीडी; उन्हासाठी ओएलईडी. पण फुटली तर ओएलईडीचा फोल्डर (काच आणि डिस्प्ले एकत्र) महाग पडतो, एलसीडीचा स्वस्तात होतो. काठाला वळलेली काच घेऊच नका. तिच्यावर साधी ग्लास बसत नाही, मग गोंद ओतून यूव्ही ग्लास लावतात आणि तो गोंद स्पीकरच्या जाळीत, बटणात उतरतो. अशी कामं माझ्याकडे कायम येतात. डुप्लिकेट डिस्प्ले टाकला तर स्क्रीनखालचा ठसा बहुधा बंद पडतो, आणि फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचं सील पहिल्यासारखं राहत नाही.

मातीचंही बघा. मातीत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण. सदऱ्याच्या टोकानं स्क्रीन घासून पुसायची सवय असेल तर आधी फुंकर मारा, मग पुसा.

पाचगणीची_ताई
पाण्याबद्दल दोन शब्द. आम्ही पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यातले, आमच्याकडे जून ते सप्टेंबर फोन कोरडा राहतच नाही. फोन धूळ-पाणी किती सोसतो ते आयपी या दर्जानं सांगतात. आयपी नंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५४ म्हणजे शिंतोडे सोसतो. आयपी६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ त्याच्या पुढं, किती खोल ते कंपनी सांगते. पण ही परीक्षा साध्या, स्वच्छ पाण्यात होते. बोर्डो मिश्रण, गंधक, साबणाचं पाणी यांचा त्यात विचार नाही. आणि पाणी शिरलं तर वॉरंटीत बहुतेक वेळा धरत नाहीत, आयपी६८ लिहिलेलं असलं तरी.

म्हणून आम्ही पारदर्शक झिप पिशवीत फोन ठेवतो. प्लॅस्टिक पातळ असलं की त्यावरून बोट चालतं, कॉल घेता येतो. फवारणीच्या दिवशी आबांनीही तसंच ठेवावं. औषध फोनला लागलं तर लागलंच, पण तोच फोन आपण पुन्हा गालाला लावतो, त्याची जास्त काळजी वाटते.

पाटणखोरे
नेटवर्क विसरू नका. आमच्या कोयनेच्या बाजूला डोंगरांमुळे कमी फ्रिक्वेन्सीच उपयोगी पडते. ७०० मेगाहर्ट्झ लांबवर पोचते आणि भिंतीतून आत येते. जिओच्या ५जी साठी फोनमध्ये एन२८ (हाच ७०० चा) आणि एन७८ हे दोन्ही बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, हवेत. बीएसएनएल वापरत असाल तर ४जी चा बँड २८ आहे का ते बघा. तासगाव बाजू सपाट आहे, तरी बागेतल्या कोपऱ्यात फरक पडेल.

कृष्णाकाठ
कॅमेऱ्याला तुम्ही सगळे कमी लेखताय. पानामागचा डाऊनी (केवडा रोग) वेळेत ओळखायचा तर फोटो चांगलाच यायला हवा.

अजिंक्यतारा
कमी लेखत नाही, पण आकडा बघू नका. २ मेगापिक्सलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा लावतात तो निरुपयोगी आहे. त्यापेक्षा ५० मेगापिक्सलचा मुख्य कॅमेरा घ्या, पानापासून वीतभर मागं या, २एक्स झूम करा आणि पानावर बोट टेकवून फोकस धरा. फार जवळ गेलं की फोकसच बसत नाही. ओआयएस, म्हणजे कॅमेऱ्याची भिंग स्थिर ठेवणारी सोय, असेल तर हात हलला तरी चालतं. भुरी पानाच्या वर दिसते, डाऊनीची पांढरी बुरशी खालून, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो हवेत, आणि सावलीत. व्हॉट्सअ‍ॅपवर एचडी करून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान केलेल्या फोटोत बुरशी आणि औषधाचा डाग सारखेच दिसतात.

आता नावं. सॅमसंग ए१६ ५जी: ८०० निट्स, ओएलईडी, आयपी५४, ठसा कडेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ ला आला. ए२६ ५जी: १००० निट्स, आयपी६७, ठसा कडेला, काचही वरच्या दर्जाची, मार्च २०२५ मध्ये २४,९९९ ला. दोन्हींना ६ वर्षं अपडेटचं वचन आहे. आबांसारखा माणूस एक फोन पाच-सहा वर्षं वापरतो, आणि जुन्या अँड्रॉइडवर बँकेची ॲप हळूहळू चालेनाशी होतात, त्यामुळे हे वचन मला १०८ मेगापिक्सलपेक्षा मोलाचं वाटतं. मोटो एज ५० फ्युजनला आयपी६८ आहे, उजेडही चांगला, पण काच वळलेली आणि ठसा स्क्रीनखाली. तुमच्या कामाला मी ए२६ म्हणेन. आजचा भाव दुकानात विचारा, लाँचनंतर उतरतो. १२० हर्ट्झमुळे स्क्रीन सरकवताना गुळगुळीत वाटते, एवढंच. ६० असता तरी आबांचं काही अडलं नसतं.

द्राक्षवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्लास काढल्यावर जुन्या फोनवरच बोट बरंच लागायला लागलंय, आबा खूश आहेत. तरी उन्हाचा आणि ठशाचा प्रश्न आहेच, म्हणून शनिवारी सांगलीला जाऊन ए२६ बघतोय. दुकानात काय काय तपासू?

मिरज_फोन_दुरुस्ती
आबांना बरोबर न्या, हे पहिलं. दुपारी बारा-एकला जा आणि डेमोचा फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात या. आबांना स्वतः मराठीत एक मेसेज लिहू द्या, मग ओल्या रुमालानं बोट पुसून पुन्हा लिहू द्या. करंगळीचा ठसा नोंदवून दहा वेळा उघडून बघा. बिलावर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) छापून घ्या आणि *#०६# दाबून जुळवा. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करायला तोच नंबर लागतो.

पलूस_माई
मध्येच विचारते, माझ्या आईचा हात थरथरतो. एकदा दाबायला जाते आणि दोनदा दाबलं जातं. त्यासाठी नवीन फोन लागेल का?

अजिंक्यतारा
नाही माई, लागणार नाही. कुठल्याही अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा. तिथं टच अँड होल्ड डिले आहे, तो लाँग करा, म्हणजे बोट जरा जास्त टेकलं तरी भलतं काही उघडणार नाही. फोन सॅमसंग असेल तर तिथंच इग्नोर रिपीटेड टचेस मिळेल. ते चालू केलं की पटकन झालेला दुसरा स्पर्श फोन धरत नाही. वेळ अर्ध्या सेकंदापासून सुरू करा, आईला जमेल तसा वाढवा. लिहिण्यासाठी जीबोर्डमध्ये (गूगलचा कीबोर्ड) मराठी घाला आणि माइक दाबून बोलून लिहायला शिकवा.

पलूस_माई
सॅमसंगच आहे. आज रात्री लावून देते.